अपमान त्याचा, किंमत तिची

‘द हेटर’ नावाचा एक पोलिश चित्रपट आहे. दिग्दर्शक यान कोमासा, लेखक मातेउश पात्सेविच. ६ मार्च २०२० ला तो पोलंडमध्ये लागला आणि करोनामुळे आठवड्याभरातच तिथली चित्रपटगृहं बंद झाली. मग तो नेटफ्लिक्सवर जगभर पाहिला गेला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ट्रायबेका महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय कथाचित्रपटाचं पारितोषिकही मिळालं. अलीकडे आमच्या गटात तो दाखवला गेला. त्यानंतरच्या चर्चेत जे बोललं गेलं त्यानं मी इतकी अस्वस्थ झाले, की हे लिहायला बसले.

आधी गोष्ट सांगते. तोमाश हा खेड्यातून वॉर्साला कायदा शिकायला आलेला मुलगा. दुसऱ्याचं लिखाण चोरल्याबद्दल त्याला विद्यापीठातून काढून टाकतात. त्याच्या शिक्षणाचा खर्च करणारं क्रासुत्स्की हे शहरातलं सधन, सुसंस्कृत, उदारमतवादी कुटुंब आहे. त्यांना तो हे कळू देत नाही. त्यांच्या घरी जेवायला जातो आणि निघताना मुद्दाम आपला फोन तिथे ठेवून येतो, रेकॉर्डिंग चालू करून. नंतर ऐकतो, तर त्याच्या पाठीमागे ती मंडळी त्याला हसत असतात. त्या घरातली मुलगी गाबी त्याला हवी असते, आणि ते घरही हवं असतं. पुढे तो एका जनसंपर्क कंपनीत लागतो. पैसे घेऊन इंटरनेटवर माणसांना बदनाम करणं हा त्या कंपनीचा खरा धंदा. तोमाश त्यात तरबेज होतो. महापौरपदाच्या निवडणुकीला उभ्या असलेल्या एका पुरोगामी उमेदवाराला संपवायचं काम त्याच्याकडे येतं. तो त्या उमेदवाराच्या प्रचारात स्वयंसेवक म्हणून शिरतो आणि दुसरीकडे खोट्या नावांनी त्याच्याविरुद्ध विष पेरतो. एकाच वेळी बाजूचा मोर्चा आणि विरोधातला मोर्चा दोन्ही उभे करतो. शेवटी ऑनलाइन खेळात भेटलेल्या एका एकाकी, बंदुकांच्या नादी लागलेल्या तरुणाला हळूहळू चढवत चढवत गोळीबारापर्यंत आणतो. माणसं मरतात. तोमाश मात्र लोकांच्या नजरेत वीर ठरतो आणि ज्या घरानं त्याला हसून बाहेर ठेवलं त्या घराचं दार त्याला उघडतं.

चित्रपट चांगला बांधलेला आहे हे मान्य करायलाच हवं. चर्चा मात्र अशी झाली. पहिलं वाक्य एका तरुण कार्यकर्तीचं होतं, “मला तोमाशची दया आली.” दुसरं आमच्या एका पुरुष हितचिंतकाचं, “हा वर्गीय अपमानाचा चित्रपट आहे, त्याला असं वागायला भाग पाडलं गेलं.” तिसऱ्या बाईंचा सूर वेगळा होता, “म्हणूनच म्हणते, मुलींच्या हातात फोन देऊ नका.” तासभर बोलणं चाललं. त्या तासाभरात गाबीचं नाव दोनदा आलं, दोन्ही वेळा ‘ती मुलगी’ म्हणून. ज्या बाईची बदनामी करून तोमाश या धंद्यात वर चढतो तिचा उल्लेख कुणीच केला नाही. मीही केला नाही. ती मला घरी आल्यावर, भांडी घासताना आठवली.

आधी जे पटतं त्याबद्दल बोलू. रेकॉर्डिंगचा तो प्रसंग खोटा नाही. सुशिक्षित, पुरोगामी घरांत गरिबाच्या मुलाबद्दल तोंडावर एक आणि पाठीमागे एक बोललं जातं, हे सांगायला पोलंडला जायची गरज नाही. उदारमतवाद्यांचा उदारपणा बऱ्याचदा खाली बघून केलेला असतो. ते मदत करतात, पण बरोबरीनं बसवत नाहीत. अपमान गिळलेला माणूस उजव्या कडव्या शक्तींना सहज सापडतो, हे या चित्रपटाचं म्हणणं आहे आणि ते आपण ऐकून घ्यायला हवं. ऐकून घेताना दुसऱ्यांकडे बोट दाखवून भागणार नाही. अनेक वर्षांपूर्वी आमच्या एका शिबिरात एका तालुक्याच्या गावाहून एक मुलगी आली होती. फार धीट, फार स्वच्छ विचार करणारी. पहिल्या दिवशी बोलताना ती ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणाली आणि मागच्या रांगेत दोघीतिघी हसल्या. समतेवरचं सत्र चालू होतं. आम्ही कुणीही त्या हसणाऱ्यांना थांबवलं नाही. पुढच्या शिबिराला ती आली नाही. पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. तेव्हा क्रासुत्स्कींचं जेवणाचं टेबल आपल्याकडेही आहे, फक्त आपण सतरंजीवर बसतो.

पण माझा वाद इथूनच सुरू होतो. त्या मुलीनं काय केलं? तिनं कुणाचा फोन चोरून ऐकला नाही, कुणाच्या नावानं खोटं पसरवलं नाही, कुणाच्या हातात बंदूक दिली नाही. ती फक्त यायची थांबली. अपमान तोमाशचा झाला तसाच तिचाही झाला. त्याच्या अपमानावर दोन तासांचा चित्रपट निघतो, तिच्या अपमानाची नोंद शिबिराच्या अहवालातसुद्धा नाही. अपमानातून सूड हा जर निसर्गनियम असता, तर या जगातल्या दलित, आदिवासी, मुसलमान, मोलकरीण, परित्यक्ता बायांनी आतापर्यंत केवढा सूड उगवला असता! त्यांनी संघटना बांधल्या, मोर्चे काढले, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, किंवा निमूट घरी गेल्या. तेव्हा ‘अपमान झाला म्हणून’ हे तोमाशच्या वागण्याचं पुरेसं कारण नाही. अपमान हा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग असा, की हे घर, ही मुलगी, ही प्रतिष्ठा आपल्याला मिळायलाच हवी होती आणि ती हिरावली गेली, असं त्याला वाटतं. हे ‘मिळायलाच हवी’ त्याला कुणी शिकवलं? गरिबीनं तर नक्कीच नाही. ते पुरुष म्हणून वाढवताना शिकवलं गेलं. वर्गाची जखम आणि पुरुषाचा हक्क एकत्र आले की तोमाश तयार होतो. आमचे हितचिंतक पहिला शब्द मोठ्यानं उच्चारतात आणि दुसरा गिळून टाकतात.

याचा अर्थ बाया जात्याच चांगल्या असतात असं मी म्हणत नाही. आपल्या चळवळीत तो भाबडेपणा कधीकाळी होता, आता नसावा. बायका द्वेष पसरवतात, पैशासाठी पसरवतात आणि हौसेनंही पसरवतात. माझा मुद्दा वेगळा आहे. कुणाच्या दुष्टपणाला कारणमीमांसा मिळते आणि कुणाच्या दुष्टपणाला नुसतं तोंड मिळतं, हे पाहायला हवं.

या चित्रपटातच पाहा. तोमाश ज्या कंपनीत काम करतो तिची मालकीण बेआता सांतोर्स्का. ती थंड, हिशेबी, बोलायला फटकळ आहे. तोमाशला बालपण आहे, गाव आहे, प्रेमभंग आहे. बेआता ऑफिसच्या बाहेरची आपल्याला जवळजवळ दिसत नाही. ती या धंद्यात कशी आली, तिनं काय गिळलं, कुणाच्या घरी कुणी तिला हसलं, असले प्रश्न तिच्या बाबतीत उठत नाहीत. महत्त्वाकांक्षी पुरुष म्हणजे शोकांतिका आणि महत्त्वाकांक्षी बाई म्हणजे चेटकीण, हा जुनाच न्याय. आणि हे मी उगाच ताणून सांगत नाही. कोमासाचा २०११ चा ‘आत्महत्येची खोली’ हा चित्रपट पाहा. ‘द हेटर’चं मूळ पोलिश नावही त्याच चित्रपटाशी जोडलेलं आहे. त्यात एका शाळकरी मुलाचा व्हिडिओ इंटरनेटवर पसरवून त्याची टिंगल केली जाते. तो खोलीत स्वतःला कोंडून घेतो, एका आभासी जगात हरवतो आणि शेवटी जीव गमावतो. त्याची आई नोकरीत बुडालेली, यशाच्या मागे धावणारी, मुलाकडे बघायला वेळ नसलेली अशी दाखवली आहे. त्या आईचं नाव बेआता सांतोर्स्का, आणि दोन्ही चित्रपटांत ती भूमिका अगाता कुलेशा या एकाच अभिनेत्रीनं केली आहे. म्हणजे नऊ वर्षांत एकाच बाईला दोनदा आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. आधी इंटरनेटमुळे मेलेल्या मुलाची नोकरी करणारी आई म्हणून, नंतर इंटरनेटवरून माणसं मारणाऱ्या धंद्याची मालकीण म्हणून. मुलाच्या बापालाही नोकरी होतीच. पण दुसऱ्या चित्रपटात पुन्हा हजर केली गेली ती आई.

आता त्या दुसऱ्या बाईकडे वळते, जी मला भांडी घासताना आठवली. व्यायामाचे व्हिडिओ करून लोकप्रिय झालेली ती एक तरुणी आहे. एक पेय ती लोकांना सुचवते. तोमाश त्या पेयाबद्दल खोटी भीती पसरवतो, खोट्या नावांनी, खोट्या पुराव्यांनी. बघता बघता तिचं नाव धुळीला मिळतं. कंपनीत तोमाशची पाठ थोपटली जाते. प्रेक्षक म्हणून आपल्यालाही त्या हुशारीची थोडी गंमत वाटते. खोटं बोलू नका, वाटते. आणि मग चित्रपट पुढे जातो. त्या मुलीचं पुढे काय झालं, रात्री दोन वाजता तिच्या फोनवर काय काय आलं, तिच्या आईला दुकानात लोक काय म्हणाले, हे चित्रपट विचारत नाही. तिच्यावर तोमाशनं फक्त सराव केला. पुढे पुरुष उमेदवारावर हल्ला होतो तेव्हा ते राजकारण, तेव्हा लोकशाही धोक्यात. बाईवर होतो तेव्हा ती पहिली पायरी.

हे केवळ पटकथेतलं नाही. प्रत्यक्षातही बाईवरच सराव होतो. एखाद्या गावात, एखाद्या कॉलेजात, एखाद्या पक्षात बदनामीचं तंत्र आधी कुणावर चालवून बघतात? पंचायतीला उभ्या राहिलेल्या बाईवर, घटस्फोट मागणाऱ्या बाईवर, तक्रार करणाऱ्या विद्यार्थिनीवर. तिथे कुणी फारसं ओरडत नाही, म्हणून तंत्र पक्कं होतं. मग ते मोठ्या पुरुषांवर चालवलं जातं आणि अग्रलेख येतात.

चित्रपटात नसलेल्या बायांबद्दलही बोलायला हवं. ‘द हेटर’चं चित्रीकरण झालं २०१८ मध्ये. त्याच्या दोनच वर्षं आधी, ३ ऑक्टोबर २०१६ ला, पोलंडच्या बाया काळे कपडे घालून, पावसात छत्र्या घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी आणणारं विधेयक संसदेपुढे होतं. त्या दिवशी बायांनी काम बंद ठेवलं आणि तीन दिवसांत संसदेनं ते विधेयक फेटाळलं. त्या बायांवर इंटरनेटवर आणि व्यासपीठांवरून चिखलफेक झाली. खुनी, सैतानाच्या पोरी, काय काय म्हटलं गेलं. पुढे २२ ऑक्टोबर २०२० ला तिथल्या घटनात्मक न्यायाधिकरणानं गर्भात गंभीर व्यंग असतानाही गर्भपात बेकायदा ठरवला, तेव्हा त्या पुन्हा लाखोंच्या संख्येनं बाहेर आल्या. त्या वर्षांत वॉर्सातल्या द्वेषाबद्दल चित्रपट काढायचा, आणि त्या द्वेषाला तोंड देऊन संघटित झालेल्या बायांना त्यात जागा नाही! कोमासाच्या वॉर्सात बाया आहेत त्या जेवणाच्या टेबलाशी, मालकिणीच्या खुर्चीत, आणि नायकाच्या फोनच्या पडद्यावर. मोर्चे आहेत तेही नायकानं खोट्या खात्यांवरून उभे केलेले. मोर्चा म्हणजे कुणीतरी पैसे देऊन हलवलेली बाहुली, असा समज घेऊन प्रेक्षक घरी जातो. आपल्या प्रत्येक मोर्चानंतर हाच आरोप होतो, की बाया आणलेल्या होत्या. हा आरोप किती सोयीचा असतो ते आपल्याला चांगलं माहीत आहे.

चित्रपट एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो आणि त्याबद्दल त्याचे आभार मानायला हवेत. इंटरनेटवरचा द्वेष ही नुसती विकृती नाही, तो धंदा आहे. त्याला गिऱ्हाईक आहे, दर आहे, कामाची वाटणी आहे. पण धंदा म्हणतानाच चित्रपट त्याला एका विलक्षण हुशार, एकट्या मुलाचा पराक्रम करून टाकतो. खरं कसं असतं ते एका पोलिश बाईनं दाखवलं. कातार्झिना प्रुश्केविच ही पत्रकार ओळख लपवून व्रॉत्सवाफ शहरातल्या अशा एका कंपनीत सहा महिने नोकरीला राहिली. २०१९ मध्ये तिनं जे लिहिलं ते तोमाशच्या गोष्टीपेक्षा कितीतरी जास्त हादरवणारं आहे. तिथे कुणी पछाडलेला नायक नव्हता. घरी बसून काम करणारी माणसं होती, त्यातली पुष्कळशी विकलांग, आणि विकलांगांना रोजगार दिल्याबद्दल कंपनीला सरकारी अनुदान मिळत होतं. एकेकाकडे अनेक खोटी खाती. काही खाती उजव्या विचारांची, काही डाव्या. सरकारी दूरचित्रवाणीची तारीफ करायची ती याच खात्यांवरून, आणि डाव्या उमेदवाराचा प्रचार करायचा तोही याच कंपनीतून. ज्यांना बाहेर कुणी नोकरी देत नाही त्यांच्या हातून हे काम करून घेतलं जात होतं.

आता सांगा, दया कुणाची यायला हवी? आणि राग कुणाचा? आपण तोमाशच्या डोळ्यांत बघत बसतो तोवर ज्यानं बिल चुकतं केलं तो खोलीतून निघून जातो. बिल देणारा पक्ष असेल, कंपनी असेल, बिल्डर असेल, विद्यापीठातला बडा माणूस असेल. बदनामीच्या प्रत्येक प्रकरणात आपण पहिला प्रश्न विचारतो, “कोणी केलं?” दुसरा विचारायला हवा, “कोणासाठी केलं?” हा दुसरा प्रश्न हुंड्याच्या बाबतीत आपण फार पूर्वी शिकलो होतो. काडी सासूनं लावली असेल, पण फ्रिज आणि स्कूटर कुणाला हवी होती? सासूला शिव्या देऊन मोकळं होणाऱ्यांना आपण तेव्हा थांबवलं होतं. इथे का विसरायचं?

या चित्रपटाला द्रष्टा म्हणतात. त्याला कारण आहे. चित्रीकरण संपल्यावर थोड्याच दिवसांत, १३ जानेवारी २०१९ ला, ग्दान्स्क शहराचे महापौर पावेल अदामोविच यांच्यावर मदतनिधीच्या एका जाहीर कार्यक्रमात, व्यासपीठावर, सगळ्यांदेखत सुरीनं वार झाले. दुसऱ्या दिवशी ते गेले. १९९८ पासून ते महापौर होते, निर्वासितांच्या आणि समलिंगी व्यक्तींच्या बाजूनं उभे राहिले होते. २०१७ मध्ये एका कडव्या राष्ट्रवादी युवक संघटनेनं त्यांच्यासह अकरा महापौरांच्या नावे ‘राजकीय मृत्यूचे दाखले’ काढले होते. मारेकरी नुकताच तुरुंगातून सुटलेला तरुण होता. वार करून त्यानं व्यासपीठावरूनच आपल्यावर अन्याय झाल्याचं ओरडून सांगितलं. पुन्हा तेच, माझा अपमान, माझा अन्याय, आणि दुसऱ्याचा जीव. मार्च २०२३ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

पण या घटनेचा उत्तरार्ध द्रष्टेपणाचं कौतुक करणारे सांगत नाहीत. अदामोविच यांच्या पत्नी माग्दालेना अदामोविच त्याच वर्षी मे महिन्यात युरोपीय संसदेवर निवडून गेल्या आणि द्वेषाच्या भाषेविरुद्ध काम हाच त्यांनी आपला विषय केला. नवऱ्याच्या रक्ताचं भांडवल करते, असंही त्यांना ऐकून घ्यावं लागलं असेल, विधवेला ते कुठे चुकतं? अपमान आणि दुःख यातून माणूस दुसरीकडेही जाऊ शकतो, याचं हे उदाहरण चित्रपटाच्या बाहेर, त्याच देशात उभं आहे. तिच्यावर चित्रपट निघाला तर आपण तिला ‘धीराची बाई’ म्हणून दोन मिनिटांत मोकळ्या होऊ. तोमाशवर मात्र तासभर बोलू.

आता आपल्या दारात. जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि १ जानेवारी २०२२ ला ‘बुल्ली बाई’ या नावांनी मुसलमान स्त्रियांचे फोटो इंटरनेटवर ‘लिलावा’ला लावले गेले. पत्रकार, वकील, कार्यकर्त्या, बोलणाऱ्या बाया निवडून निवडून घेतल्या होत्या. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई पोलिसांच्या सायबर विभागानं अटका केल्या तेव्हा कळलं, की आरोपी म्हणून पकडलेले बहुतेक जण विशी-एकविशीतले विद्यार्थी, आणि त्यात एक अठरा वर्षांची मुलगीसुद्धा. त्यानंतर काय झालं ते आठवा. मुलं अभ्यासात हुशार आहेत, घरची परिस्थिती बिकट आहे, आयुष्य उद्ध्वस्त होईल, हे सगळं सविस्तर छापून आलं. मार्च २०२२ मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं जामीन देताना हा पहिलाच गुन्हा आहे आणि कोठडीत ठेवणं आरोपीच्या हिताचं नाही असा विचार केला. जामीन मिळू नये असं मी म्हणणार नाही. खटल्याशिवाय माणसं वर्षानुवर्षं डांबून ठेवण्याच्या विरोधात आपण नेहमीच बोललो आहोत, ते तत्त्व इथे सोडायचं कारण नाही. मी विचारते ते एवढंच, की ज्यांची बोली लावली त्या बायांच्या हिताबद्दल किती रकाने छापून आले? नव्या वर्षाच्या सकाळी उठून स्वतःचा फोटो विक्रीला लावलेला पाहणाऱ्या बाईचं ‘भवितव्य’ कुणाच्या डोळ्यांपुढे होतं? दया ही मोजूनमापून मिळणारी वस्तू असेल, तर तिचं वाटप कसं होतं याचा हिशेब मागणं आपलं काम आहे.

यावर दोन आक्षेप येतील, त्यांना उत्तर देते.

पहिला, “मग काय, कडक कायदा करून तोंडं बंद करायची?” नाही. महाराष्ट्राला याचा धडा मिळालेला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. एकीनं बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या होत्या, दुसरीनं त्या नुसत्या पसंत केल्या होत्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाचा त्यात वापर झाला, ते कलम एका कायद्याच्या विद्यार्थिनीच्या याचिकेवरून सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. बोलण्यावरचा मोघम कायदा आला की पहिली बेडी कुणाच्या हातात पडते ते त्या दोघींना विचारा. धमकी, पाठलाग, खोट्या नावानं केलेली फसवणूक, संमतीशिवाय पसरवलेला फोटो यांच्यासाठी कायदे आहेत. ते वापरले जात नाहीत, हा आपला मुद्दा असायला हवा.

दुसरा आक्षेप आमच्या तिसऱ्या बाईंचा, मुलींच्या हातात फोन देऊ नका. बाई, चित्रपटात फोन तोमाशच्या हातात होता! गुन्हा त्यानं केला आणि जप्ती मुलीच्या फोनवर, हा कुठला न्याय? रस्त्यावर छेड काढतात म्हणून मुलींची शाळा बंद करण्याविरुद्ध आपण ज्या ताकदीनं भांडलो, त्याच ताकदीनं इथे भांडायला हवं. फोन काढून घेतलेली मुलगी सुरक्षित होत नाही. ती एकटी पडते, आणि त्रास झाला तरी सांगत नाही, कारण सांगितलं की फोन जाईल हे तिला माहीत असतं. त्रास देणाऱ्यालाही ते माहीत असतं.

मग करायचं काय? मोठमोठ्या घोषणा मी करत नाही. काही कामं मात्र प्रत्येक गटाला करता येतील. एखाद्या बाईची बदनामी सुरू झाली की ती पुसून टाकायच्या आधी तारीख, वेळ, पत्ता दिसेल असा पुरावा जपून ठेवायला तिला मदत करायची. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांसंबंधीच्या तक्रारींचा स्वतंत्र विभाग आहे आणि त्यातल्या काही तक्रारी नाव न देताही नोंदवता येतात, हे गावोगावी सांगायचं. पोलीस ठाण्यात तिला एकटी पाठवायची नाही, चारजणींनी जायचं. गटातल्या एकीनं तिच्या फोनवर येणारं वाचायची पाळी घ्यायची, म्हणजे तिला रात्रीची झोप मिळेल. निवडणुकीच्या काळात उमेदवार बायांना आधीच भेटून हे सारं ठरवून ठेवायचं. आणि प्रत्येक वेळी विचारायचं, हे कोणासाठी चाललं आहे, पैसे कुणाचे?

आणखी एक काम आपल्या आपल्यातलं आहे, जास्त कठीण. एखाद्या विरोधी विचाराच्या बाईबद्दल काहीतरी चविष्ट, खरंखोटं आपल्या फोनवर येतं तेव्हा आपलं बोट पुढे पाठवायला शिवशिवतं. ‘तिला मिळायलाच हवं होतं’ असं आपल्यालाही वाटतं. बाई दुसऱ्या पक्षाची आहे म्हणून तिच्या चारित्र्यावरचा विनोद आपल्याला चालतो. त्या क्षणी तोमाशला पगार देणाऱ्यांचं काम आपण फुकटात करतो. ती कितीही विरोधात असो, तिच्याशी भांडू ते तिच्या भूमिकेवर. तिच्या अंगावर, घरावर, झोपण्याउठण्यावर नाही.

हा चित्रपट दाखवू नका असं माझं म्हणणं नाही. जरूर दाखवा. पण संपल्यावर पहिला प्रश्न तोमाशबद्दल विचारू नका. विचारा, त्या व्यायामवाल्या मुलीचं नाव कुणाला आठवतंय का? आठवणार नाही. तिथून चर्चा सुरू करा.

आणि ‘पानी’ म्हणणारी ती मुलगी. अलीकडे तिच्या तालुक्याला गेले होते तेव्हा तिची चौकशी केली. अंगणवाडीत काम करते आणि मानधनवाढीच्या आंदोलनात पुढे असते असं कळलं. भेटायला गेले. तिनं ओळखलं, चहा केला. त्या दिवसाबद्दल मी माफी मागितली. ती म्हणाली, “ताई, मला वाटलं तुमच्या लक्षातपण नसंल.” आमच्या पुढच्या शिबिराला येशील का, म्हणून विचारलं. “बघते,” म्हणाली. तिचं ‘हो’ मिळवायचं असेल तर मागच्या रांगेतलं हसणं आधी थांबायला हवं. ते काम तिचं नाही, आपलं आहे.